खुर्चीवरून खालीं उतरलेला गुरु

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं शाळेच्या वतीनें दोन शब्द लिहावे, अशी स्मरणिका-समितीची आज्ञा झाली. इमारतींचा, निकालांचा व देणगीदारांचा वृत्तांत इतरत्र येईलच. आम्हीं पुष्कळ वर्षें मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काढलीं. तेथें बसून एक प्रश्न आम्हांस पुन्हां पुन्हां पडला. त्याचाच विचार येथें करावा असें वाटतें. शाळा चालविणें म्हणजे काय? हुकूम सोडणें, हजेरीपट तपासणें, कीं आणखी कांहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका सत्पुरुषाच्या चरित्रांत सांपडलें.

ते सत्पुरुष म्हणजे संत योहान बाप्तिस्ता द ला साल. फ्रान्स देशांतील रेंस नगरांत ३० एप्रिल १६५१ रोजीं एका सधन घराण्यांत त्यांचा जन्म झाला. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन, म्हणजे मान व कायमचें उत्पन्न असलेले धर्माधिकारी, झाले. १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढील वर्षीं आद्रियां नियेल नांवाचे एक गृहस्थ गरीब मुलांसाठीं मोफत शाळा काढण्याच्या हेतूनें रेंसमध्यें आले. द ला साल ह्यांनीं त्यांस साह्य केलें आणि सेंट मॉरिस धर्मग्रामांत पहिली शाळा उघडली. एका धर्मग्रामाच्या शाळेपासून एवढें मोठें कार्य उगवलें, ही गोष्ट आजच्या दिवशीं आपणांस विशेष गोड वाटावी.

परंतु त्या वेळीं ह्या तरुण धर्मगुरूच्या मनांत शाळामास्तर होण्याचा विचारही नव्हता. शिक्षकांस आपण आपल्या चाकराहूनही कमी लेखीत होतों, अशी प्रांजळ कबुली त्यांनीं पुढें दिली आहे. शिक्षक अर्धशिक्षित होते, त्यांस वळण नव्हतें. दुरून उपदेश करून तें लागेना. म्हणून १६८१ सालीं त्यांनीं शिक्षकांस आपल्या राहत्या घरीं आणलें. आप्तेष्ट रागावले, लोक हंसले. दुसऱ्या वर्षीं तें वडिलार्जित घर सोडून ते शिक्षकांसह साध्या भाड्याच्या घरांत राहूं लागले.

येथेंच त्यांची खरी परीक्षा झाली. शिक्षकांस उद्यांच्या भाकरीची चिंता होती, आणि द ला साल त्यांस ईश्वरावर भार टाकण्यास सांगत. तेव्हां शिक्षकांनीं स्पष्ट उत्तर केलें कीं, आपणांस कॅननचें उत्पन्न आहे, वतन आहे. शाळा बुडाल्या तरी आपलें अडत नाहीं. आम्हीं मात्र रस्त्यावर येऊं. हें बोलणें त्यांच्या जिव्हारीं लागलें, पण त्यांनीं राग मानिला नाहीं. शिक्षक खरें बोलत आहेत हें त्यांनीं ओळखिलें. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, तेंही आपल्या भावास न देतां एका गरीब धर्मगुरूस दिलें. पुढें लवकरच दुष्काळ पडला, तेव्हां आपली मालमत्ता भुकेल्यांस अन्न देण्यांत खर्च केली. आतां शिक्षकांचें व त्यांचें पोट एकाच भाकरीवर अवलंबून राहिलें. त्या दिवसापासून त्यांच्या शब्दास वजन आलें, असें आम्हांस वाटतें.

वर्गांतील त्यांचें कामही तितकेंच थोर आहे. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं गुरुजी एकेका मुलास जवळ बोलावून धडा देत. बाकीचीं मुलें वेळ दवडीत. द ला साल ह्यांच्या शाळांत मुलांच्या प्रगतीप्रमाणें तुकड्या पाडून सर्वांस एकदम शिकविण्याची पद्धत रुजली. शाळा कशी चालवावी ह्याविषयीं त्यांच्या संघाचें एक पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १७०६ सालची असून तें १७२० सालीं आविन्यों येथें छापलें गेलें. तें एकट्याच्या डोक्यांतून निघालेलें नाहीं. अनुभवी बंधूंशीं वारंवार विचारविनिमय करून, जें वर्गांत कसास उतरलें तेंच त्यांत घातलें आहे. मुलास अरेतुरे करूं नये, त्यास लागेल असें नांव ठेवूं नये, अशी त्यांत ताकीद आहे. गैरहजर मुलांच्या घरीं जाऊन चौकशी करण्यासाठीं विद्यार्थ्यांतूनच कांहीं जण नेमावे, आणि न येण्याचें कारण शोधावें, असेंही सांगितलें आहे. कारणांच्या यादींत शिक्षकाचा स्वतःचा दोषही गणिला आहे!

हें वाचतांना आम्हांस आमची एक चूक आठवते. नोकरीच्या आरंभीं एका मुलाचें नांव सततच्या गैरहजेरीबद्दल आम्हीं पटावरून कमी केलें. नियमाप्रमाणें तें योग्यच होतें. पुढें कळलें कीं, त्याचा बाप अंथरुणास खिळला होता आणि भातलावणीच्या दिवसांत तो आईबरोबर शेतांत राबत होता. त्याच्या वर्गशिक्षकांस हें ठाऊक होतें. आम्हीं त्यांस विचारलेंच नव्हतें. आम्हीं उशिरानें त्या घरीं गेलों, पण मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. अडीचशें वर्षांहून जुन्या त्या पुस्तकांतील दोन ओळी आम्हीं वेळीं वाचल्या असत्या तर!

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं मुलांस वाचन आधीं लॅटिन पुस्तकांवरून शिकवीत. द ला साल ह्यांनीं क्रम फिरवून आधीं फ्रेंच व मग लॅटिन असा ठेविला. शार्त्रचे बिशप ह्या बदलास राजी नव्हते. त्यांस त्यांनीं कारणें लिहून कळविलीं. कारागिरांचीं मुलें लवकर शाळा सोडून कामास लागतात. न समजणाऱ्या भाषेंत अक्षरें लावतां लावतां त्यांचे दिवस संपतात, आणि शेवटीं लॅटिनही येत नाहीं व फ्रेंचही येत नाहीं. बोली भाषेंत वाचावयास शिकलेलें मूल मात्र पुढें दुसरी भाषा सहज शिकतें. आपल्या समाजास हें नवें वाटूं नये. द ला साल ह्यांच्या जन्मापूर्वीं पस्तीस वर्षें, १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइटांचें मराठी ओव्यांतील ख्रिस्तपुराण गोव्यांत राशोल येथें छापून निघालें होतें. परदेशी धर्मगुरूनें आपल्या लोकांसाठीं आपली भाषा उचलली. आणि आज गांवोगांवीं मराठी शाळांचे वर्ग रिते होत असतां आपणच ती खालीं ठेवीत आहों. आम्हीं इंग्रजीचे वैरी नव्हों. लॅटिनचे वैरी द ला सालही नव्हते. प्रश्न केवळ इतकाच कीं, मुलानें आधीं कोणत्या भाषेंत समजून घ्यावें?

ह्या पुरुषाचा मार्ग सुखाचा नव्हता. फुकट शाळांमुळें आपले फी देणारे विद्यार्थी जातात म्हणून पॅरिसच्या लेखनगुरूंनीं त्यांस न्यायालयांत खेंचलें; १७०४ सालीं शाळेचें सामान जप्त झालें. पुढें १७१२ सालीं दुसऱ्या एका खटल्यांतही निकाल विरुद्ध गेला. आपणांमुळेंच संघास पीडा होते असें वाटून ते दक्षिणेकडे निघून गेले. ग्रनोब्ल येथें असतां मुख्य बंधूस दूरच्या शाळा पाहण्यास धाडून त्याच्या वर्गांतील गरीब मुलांस ते स्वतः शिकवीत बसले. तेव्हां पॅरिसकडील बंधूंनीं १ एप्रिल १७१४ रोजीं एक पत्र लिहिलें. ज्या संघाची आज्ञा पाळण्याचें आपण वचन दिलें आहे, त्या संघाच्या नांवें आम्हीं आपणांस परत येण्याची आज्ञा करितों, असा त्याचा आशय होता. संस्थापकानें आपल्याच शिक्षकांची आज्ञा शिरसावंद्य मानिली आणि त्याच वर्षीं ते पॅरिसला परतले. १७१७ सालीं त्यांनीं बंधु बार्थेलमी ह्यांच्या हातीं संघाची धुरा दिली. ७ एप्रिल १७१९, उत्तम शुक्रवारच्या दिवशीं, रूआं येथें त्यांनीं देह ठेविला. १९०० सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांस संतपद दिलें, आणि १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. शाळेचा नायक खुर्ची मिळाल्यानें होत नाहीं. शिक्षकाच्या चुलीपर्यंत, मुलाच्या बोलीपर्यंत आणि गैरहजर विद्यार्थ्याच्या उंबऱ्यापर्यंत जो उतरतो, तोच नायक. हें आम्हांस साधलें असें नाहीं. परंतु आमच्यामागून ह्या खुर्चीवर बसणारांस तें साधो. आणि धर्मग्रामाच्या मायबापांस हात जोडून विनंति कीं, ज्युबिलीच्या दिवशीं देवळाची रोषणाई पाहिल्यावर क्षणभर शाळेच्या ओसरीवरही यावें, आणि तेथील रिकाम्या बांकावर कोणाचें मूल बसावयास हवें होतें, हें मनाशीं विचारावें.