तळटीप २३ : चौदा दिवसांचा नियम

२३. चौदा दिवसांचा नियम : प्रयोगशाळेत मानवी भ्रूण फलनानंतर १४ दिवसांपलीकडे वाढवू नये, हे बंधन. १९७८ मध्ये इंग्लंडात लुईझ ब्राउन ही पहिली ‘टेस्ट-ट्यूब बेबी’ जन्मली आणि शरीराबाहेरच्या भ्रूणाचा दर्जा काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९८४ च्या अहवालात ही मर्यादा सुचवली; १९९० मध्ये ब्रिटनने तसा कायदा केला. साधारण १५व्या दिवशी भ्रूणावर ‘आद्यरेषा’ उमटते आणि शरीराचा अक्ष ठरतो. त्यानंतर एका भ्रूणाची स्वतंत्र जुळी होत नाहीत, म्हणून एका व्यक्तीच्या घडणीचा आरंभ तिथे मानला गेला. लेखक म्हणतात त्या मूळपेशी (स्टेम सेल) मात्र पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातूनच काढतात व त्यात भ्रूण नष्ट होतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी त्या १९९८ मध्ये प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. म्हणजे असे संशोधन या नियमात बसते. पण फलनापासूनच भ्रूणाला मानवी प्रतिष्ठा मानणाऱ्या कॅथलिक चर्चला ते अमान्य आहे. हा आक्षेप गंभीर आहे, आणि रुग्णांची उपचाराची आशाही तितकीच खरी आहे. वॉर्नॉक समितीने दोहोंची दखल घेतली, हे तिचे मोठेपण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. — संपा.