एक पान, दोन औषधं: कोरफडीची कुळकथा

कोरफडीचं पान बुडाशी कापून वाटीत उभं करून ठेवलं, की सालीखालून पिवळा, उग्र वासाचा चीक ओघळू लागतो. तो निथळल्यावर काटेरी कडा काढून साल सोलली, की आत पारदर्शक, बुळबुळीत गर लागतो. चीक कडूजहर, गर जवळजवळ बेचव. एकाच पानातली ही दोन वेगळी औषधं आहेत आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे. आज बाजारात कोरफड म्हणून मुख्यतः गर विकला जातो, पण त्याच्या जाहिरातीत जी हजारो वर्षांची परंपरा सांगतात, तिचा मोठा भाग चिकाचा आहे.

ही वनस्पती मूळची कुठली, हा प्रश्न बराच काळ अडून होता. २०१५ मध्ये क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या ऑल्वेन ग्रेस आणि सहकाऱ्यांनी कोरफडीच्या कुळातल्या जातींची वंशावळ मांडली आणि ती अरबी द्वीपकल्पाकडे बोट दाखवते. तिथून जुने व्यापारी मार्ग जवळच होते. त्या मार्गांवरून दूर जायला चीक सोयीचा होता. तो आटवून वाळवला की काळपट खडे होतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. कापलेल्या पानातला गर मात्र लवकर नासतो. म्हणून इजिप्तमधल्या इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये, पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात आणि पुढे युरोपच्या औषधकोशांत कोरफड पोचली, ती बहुतांशी कडू रेचक म्हणून. सोकोत्रा बेटावरून असा माल शतकानुशतकं जात असे. तो तिथल्याच एका भाऊबंद जातीचा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा काळा बोळ हा असाच वाळवलेला चीक. १८५१ मध्ये एडिंबरोच्या टी. आणि एच. स्मिथ यांनी बार्बाडोसहून आलेल्या मालातून पिवळे स्फटिक वेगळे केले. तेच अ‍ॅलोइन, चिकाच्या रेचक गुणाचं कारण.

गराकडे आधुनिक वैद्यकाचं लक्ष वळवलं ते क्ष-किरणांनी. या किरणांनी रुग्णांची त्वचा भाजत असे आणि त्या जखमा लवकर भरत नसत. १९३५ मध्ये अमेरिकेत कॉलिन्स पितापुत्रांनी अशा जखमेवर ताजं पान वापरल्याचा आणि जखम भरून आल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. अणुयुग सुरू झाल्यावर हा प्रश्न आणखी निकडीचा झाला. १९५३ मध्ये लशबॉ आणि हेल यांनी सशांच्या त्वचेवर बीटा किरणांच्या जखमा करून कोरफड तपासली आणि उपचार केलेल्या जखमा लवकर भरल्याचं नोंदवलं.

गरात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात महत्त्वाची ती लांब साखळ्यांची शर्करा, अ‍ॅसेमॅनन. पान कापल्यानंतर आणि प्रक्रियेत या साखळ्या तुटत जातात, त्यामुळे एका बाटलीतला गर दुसऱ्या बाटलीसारखा असेलच असं नाही. चाचण्यांचे निकाल जुळत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

ते निकालही नीट पाहायला हवेत. १९९१ च्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या उपचारांनी सरासरी ५३ दिवसांत भरल्या. गर लावलेल्यांना ८३ दिवस लागले. १९९६ मध्ये स्तनांच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १९४ स्त्रियांवरच्या चाचणीत कोरफडीचं जेल आणि बिनऔषधी जेल यांत फरक दिसला नाही. ज्या किरणांच्या जखमांवरून गराची कीर्ती झाली, तिथेच तो मोठ्या परीक्षेत उतरला नाही. भाजण्याच्या बाबतीत चित्र बरं आहे. थायलंडच्या संशोधकांनी २००७ मध्ये चार चाचण्या आणि ३७१ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या दर्जाचं भाजणं जवळपास नऊ दिवस आधी बरं झाल्याचं दिसलं. चाचण्या थोड्या आणि एकमेकींहून वेगळ्या, त्यामुळे हा अंतिम निवाडा नव्हे. पण गराच्या बाजूने आज असलेल्या पुराव्यांपैकी हा एक ठळक आहे.

पोटात घेण्याची गोष्ट वेगळी. सालीसकट वाटलेल्या पानाच्या अर्कात चीकही येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड काढली, कारण सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नाही. पुढे असा गाळून शुद्ध न केलेला अर्क दोन वर्षं पाजलेल्या उंदरांच्या मोठ्या जातीत आतड्याच्या गाठी आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संपूर्ण पानाचा अर्क 'माणसात कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता' या गटात टाकला.

म्हणून कोरफड गुणकारी आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पानाचा कोणता भाग, कसा काढलेला, कशावर आणि वरून की पोटातून, एवढं विचारल्याशिवाय कोणताही दावा मान्य करू नये. किरकोळ भाजलेल्या जागेवर आधी वाहतं गार पाणी धरावं आणि मग चीक पूर्ण निथळलेला स्वच्छ गर लावावा, इथपर्यंत पुरावा साथ देतो. रोज सकाळी पेलाभर रस पिण्याइतका तो अजून भक्कम झालेला नाही.