क्रमांकाची मालकी : एटोबिकोच्या निमित्ताने

पूर्वेस हंबर नदी आणि दक्षिणेस ओन्टारिओ सरोवर अशा नैसर्गिक सीमांलगत वसलेला एटोबिको हा मुलूख १८५० साली स्वतंत्र टाउनशिप म्हणून सरकारी दप्तरात दाखल झाला, पुढे त्याला शहराचा दर्जा लाभला आणि १९९८ च्या जानेवारीत तो टोरोंटो महानगरात विलीन झाला. त्याच्या इतिहासात लढाया नाहीत, राजवाडे नाहीत. परंतु किपलिंग अव्हेन्यूवरील एका खाद्यव्यवसायाचे मुख्यालय आणि ब्लोअर स्ट्रीट वेस्टवरील, दुकानदारांची कार्डांवरची देणीघेणी चालविणाऱ्या एका कंपनीचे मुख्यालय, या दोन पेढ्यांची नावे कॅनडाच्या न्यायालयीन निवाड्यांत अशा दोन प्रसंगी आली आहेत की, आंतरजालाचा कायदा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने या दोन प्रसंगांपासूनच आरंभ करावा. दोन्हीकडे वादाचा विषय एकच होता, आणि तो म्हणजे अंकांची एक ओळ.

पहिला प्रसंग ‘पिझ्झा पिझ्झा’ या कंपनीचा. मायकेल ओव्हर्स या गृहस्थाने १९६७ च्या वर्षअखेरीस टोरोंटोत वेलस्ली आणि पार्लमेंट या रस्त्यांच्या चौकात एक लहानसे दुकान थाटले. दुकाने वाढत गेली तेव्हा प्रत्येक शाखेचा वेगळा टेलिफोन प्रसिद्ध करण्याऐवजी साऱ्या शहराकरिता ९६७-११-११ हा एकच क्रमांक ठेवण्याची युक्ती योजण्यात आली, आणि जाहिरातींतून तो लोकांच्या तोंडी इतका बसला की, क्रमांक उच्चारताच दुकानाचे नाव आठवावे. तेव्हा कंपनीने हा क्रमांक व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेण्यासाठी अर्ज केला. निबंधकांनी तो फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, टेलिफोनचा क्रमांक हे माल मागविण्याचे साधन आहे, त्याला स्वतःचे असे उपयुक्त कार्य आहे, आणि जे उपयोगाचे साधन आहे ते चिन्ह होऊ शकत नाही. हा आक्षेप वरकरणी वाटतो तितका क्षुल्लक नव्हता, कारण यंत्राच्या किंवा वस्तूच्या उपयुक्त भागावर चिन्हाच्या मिषाने कायमची मक्तेदारी मिळू नये, हे तत्त्व व्यापारचिन्हांच्या कायद्यात रास्तपणे रुजलेले आहे. परंतु १९८९ साली फेडरल अपील न्यायालयाने बहुमताने निवाडा दिला तो कंपनीच्या बाजूने. क्रमांकाला कार्य आहे हे खरे; पण ते कार्य पिझ्झ्याचे नव्हे, विकल्या जाणाऱ्या मालाच्या घडणीत त्या क्रमांकाचा काही भाग नाही, म्हणून मालाची ओळख पटविणारे चिन्ह होण्यास त्याला प्रत्यवाय नाही, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ होता.

या निवाड्याचे महत्त्व त्या वर्षी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. कॅनडाच्या ‘डॉट-सीए’ या नामविभागातील पहिले नाव प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या विद्यापीठाने नोंदवून तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते, आणि तो सारा कारभार ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जवळजवळ स्वयंसेवेने चालत होता. पण संकेतस्थळाचे नाव हे तरी दुसरे काय आहे? तेही ग्राहकाला दुकानापर्यंत नेणारे साधन आहे आणि त्याच वेळी दुकानाची ओळखही आहे. जो प्रश्न एटोबिकोच्या या पेढीने टेलिफोनच्या निमित्ताने सोडवून घेतला, तोच पुढे दहा वर्षांनी जगभरच्या न्यायालयांपुढे नव्या वेषात उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ साली ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ या एका अक्षराचा फेर केलेल्या नावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा संकेतस्थळाचे नाव म्हणजे निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कॅनडात डॉट-सीएचा कारभार २००० सालाच्या अखेरीस एका स्वतंत्र संस्थेकडे गेला, आणि दोन वर्षांत नावांच्या तंट्यांसाठी लवादाची व्यवस्थाही झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. व्यापारचिन्हाचा हक्क देशाच्या हद्दीपुरता असतो. ‘लिटल सीझर्स’ ही अमेरिकन कंपनी आपल्या देशात ‘पिझ्झा! पिझ्झा!’ हे घोषवाक्य हक्काने मिरविते. सीमा ओलांडून कॅनडात आली की, तेच शब्द तिला वापरता येत नाहीत. नायगारा नदीच्या दोन तीरांवर एकच शब्द दोन धन्यांचा असू शकतो. आंतरजालावर मात्र एका नावाचे संकेतस्थळ एकच असते, आणि या शाखेतील अनेक भांडणांचे मूळ या विसंगतीत आहे.

ग्रंथस्वामित्वाच्या प्रांतातही आरंभ टेलिफोनपासूनच झाला. क्रमांकांची सूची ही कोणाची मिळकत? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली कॅन्सासमधील एका टेलिफोन कंपनीच्या सूचीला संरक्षण नाकारले. कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयानेही १९९७ साली पिवळ्या पानांच्या व्यापारी सूचीबाबत तोच कौल दिला. केवळ श्रमाने स्वामित्व येत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे २००४ साली टोरोंटोतील ऑसगुड हॉलच्या विधि-ग्रंथालयात वकिलांना काढून मिळणाऱ्या छायाप्रतींचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सरन्यायाधीश मॅक्लाक्लिन यांनी स्वामित्वासाठी कौशल्य आणि विवेकबुद्धी ही कसोटी ठरविली. शिवाय उचित वापर ही धन्याने दाखविलेली मेहेरबानी नसून वाचकाचा हक्क आहे, असेही स्पष्ट केले. हीच कसोटी २००७ सालच्या डिसेंबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक’ या खटल्यात आधाराला घेतली. आज निवाड्यांचा मूळ मजकूर आपल्याला आंतरजालावर मोकळेपणाने वाचता येतो, त्यामागे या विचाराचा मोठा आधार आहे.

दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा. ब्लोअर स्ट्रीट वेस्टवरील ‘मोनेरिस’कडे कॅल्गरीच्या पोलिसांनी २०१७ साली एका मद्यविक्रेत्याच्या दुकानी झालेल्या फसव्या ऑनलाइन खरेदीविषयी विचारणा केली, आणि न्यायालयाचा हुकूम नसताना कंपनीने ज्या दोन आयपी क्रमांकांवरून ते व्यवहार झाले होते ते त्यांना कळविले. त्यानंतर पोलिसांनी रीतसर हुकूम मिळवून त्या क्रमांकांमागची नावे आणि घरे शोधली. क्रमांकामागचे नाव हुकमावाचून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच ठरविले होते. प्रश्न उरला होता तो नुसत्या क्रमांकाचा. खालच्या न्यायालयांचे मत असे पडले की, अंकांच्या ओळीतून माणसाचे खाजगी असे काहीच उघड होत नाही. सर्वोच्च न्यायालयातही चार न्यायाधीश याच मताचे होते. परंतु १ मार्च २०२४ रोजी उरलेल्या पाच जणांच्या वतीने न्यायमूर्ती काराकात्सानिस यांनी निवाडा दिला की, आयपी क्रमांक ही माणसाच्या समग्र आंतरजालीय व्यवहाराची किल्ली आहे, म्हणून न्यायालयाच्या परवानगीवाचून तो मिळविणे कॅनडाच्या हक्कसनदेच्या आठव्या कलमाला बाधक आहे.

मला हा बहुमताचा निवाडाच योग्य वाटतो. कुलूप अद्याप उघडलेले नाही म्हणून किल्ली परस्पर हाती घेण्यास हरकत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि व्यापाऱ्याचा आपल्या क्रमांकावरचा हक्क कायद्याने १९८९ साली मान्य केला, तर सामान्य नागरिकाचा आपल्या क्रमांकामागील खाजगीपणाचा हक्क मान्य होण्यास पस्तीस वर्षे लागली आणि तोही एका मताने तरला, हा क्रम कोणत्याही विचारी माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

हे झाले पोलिसांपुरते. कॅनडाचा २००० सालचा वैयक्तिक माहितीचा कायदा मुख्यतः व्यापारी व्यवहारांना लागू होतो. आपली मराठी मंडळे सभासदांची नावे, घरचे पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक छापील सूचीत आणि व्हॉट्सॲपच्या समूहांत सहजभावाने पसरवितात, तेथे तो बहुधा पोहोचत नाही. एटोबिकोत आणि इतरत्र जी मंडळे असा कारभार पाहतात, त्यांच्या कार्यवाहांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंदाची सूची प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला विचारावे, आणि जो नको म्हणेल त्याचा क्रमांक निमूटपणे वगळावा.