वऱ्हाडी कापसाची वाट

कौंडण्यपूर म्हटले की रुक्मिणीहरण आठवते. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे हे गाव रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि तिला घेऊन गेलेला कृष्णाचा रथ कीर्तनकारांनी घरोघर पोचवला आहे. याच परिसरातल्या काळ्या जमिनीतून आणखी एक गोष्ट दूरदेशी गेली, ती म्हणजे कापूस. तो कशावरून गेला हा इतिहास आज मुद्दाम पाहण्याजोगा आहे. घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्यांना आपल्या गाड्यांचा पर्यावरणावरचा भार कमी करायचा आहे. त्याचे उत्तर बहुधा ‘विजेवरची गाडी घ्या’ एवढ्यावरच थांबते. कापसाची वाट आपल्याला याहून बरेच काही शिकवते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरावतीची रुई लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावेने कलकत्त्याला. अमरावती ते मिर्झापूर अंतर सुमारे 800 किलोमीटर. तांडा दिवसाला 13 किलोमीटर चालला असे धरले तर दोन महिने लागणार. बैल रोज निदान 6 किलो कोरडा चारा खातो. म्हणजे शंभरेक किलो रुई पोचवायला साडेतीनशे किलोंहून अधिक चारा! हेच त्या काळचे इंधन होते आणि ते वाटेवरच्या गायरानांतून येत असे. पुढे 1825-26 च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडची रुई मुंबईकडे पाठवण्यास सुरुवात केली. दिशा बदलली, पण वाहन तेच राहिले.

तरीही या व्यवस्थेत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. पहिली अशी, की लांबच्या वाटेला लागे ती रुई. कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा सरकीचा असतो. ती रेच्यावर वेगळी करून गावातच ठेवली की ओझे तिथेच एक तृतीयांशावर येते. दुसरी गोष्ट, लमाण परतताना शक्यतो रिकामे येत नसत. मीठ, धान्य असा माल भरून आणत.

यानंतरची सुधारणा चाकाची. पाठीवर क्विंटलभर वाहणारा बैल बंडीला जुंपला की काम पालटते. बऱ्या रस्त्यावर बैलजोडी सात-आठ क्विंटल ओढते, म्हणजे दर बैलामागे साडेतीन-चार क्विंटल. बैल तोच आणि चाराही जवळजवळ तेवढाच, पण काम तिप्पट-चौपट. मात्र पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते. म्हणून बंडीचा खरा उपयोग पक्का रस्ता झाल्यावरच होऊ लागला.

मग रेल्वे आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचला. कापसाची मोठी पेठ असलेल्या खामगावची शाखा 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. सपाट रुळावर एक टन भार सरकता ठेवायला एक-दोन किलो वजनाएवढा ओढ पुरतो. डांबरी रस्त्यावर ट्रकच्या टायरला सहा ते दहा किलो लागतात, तर कच्च्या वाटेवर बंडीला त्याच्या कित्येक पट. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता वाया घालवी. तरीही चाकाखालचे घर्षण इतके कमी, की वाहतूक स्वस्त पडली. जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. फुगलेली रुई दाबून घट्ट गाठी बांधल्या जाऊ लागल्या आणि त्याच वाघिणीत कित्येक पट माल मावू लागला.

उरला गाव ते स्टेशन हा टप्पा. त्यासाठी अरुंद मापाच्या फाट्यांची योजना झाली: मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर आणि पुलगाव-आर्वी. यांतला 35 किलोमीटरचा पुलगाव-आर्वी फाटा कौंडण्यपूरला सर्वांत जवळचा. नदी ओलांडली की आर्वी. शेतकऱ्याच्या बंडीला आता तेवढेच जायचे होते. या तिन्ही मार्गांवरची छोटी गाडी आज धावत नाही. तिचा माल ट्रकांनी घेतला.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. स्लीपरांसाठी जंगलातले लाकूड गेले. कापसाखालची जमीन वाढली तशी गायराने आटली. आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा माल वाहिला, त्या लमाणांचा धंदाच बसला. महाराष्ट्रात हा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. टनामागे खर्च किती वाचला हे सांगताना तो कोणाच्या पोटातून वाचला, हेही सांगितले पाहिजे. आज दुचाकीवरून पार्सल पोचवणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा लागेल.

विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा निश्चितच कार्यक्षम आहे आणि गल्लीतला धूर ती थांबवते. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशापासून होते. अमरावतीजवळच नांदगावपेठेला 1350 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. म्हणून गाडी बदलण्याआधी किंवा बदलतानाच कापसाने शिकवलेले प्रश्न विचारावेत. या मालातली सरकी कोणती? पार्सलच्या खोक्यात कोंडलेली हवा ही सरकीच. गाडी भरून जाते का? परतताना रिकामी येते का? लांबचा टप्पा रुळावरून नेता येईल का? मुंबईचे डबेवाले 1890 पासून लोकल आणि सायकल यांच्या जोरावर काम करतात. लोकल तशीही धावणारच असते, डब्यांमुळे तिचा खर्च फारसा वाढत नाही.

शिक्षकांनी हा धडा वर्गात जरूर करून पाहावा. मुठीएवढा कापूस मुलांकडून हाताने पिंजून सरकी व रुई वेगवेगळी तोलावी. खेळण्यातली गाडी तेच वजन ठेवून फरशीवर, मातीवर आणि वाळूवर स्प्रिंगकाट्याने ओढावी आणि आकडे फळ्यावर मांडावेत. इंधनाचा विषय त्यानंतर काढावा.