आसगावचा नेव्हिल आणि चार वर्षांचं अंतर

१ डिसेंबर १९५६, शनिवार सकाळ. तुम्ही चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभे आहात. मागे नागझिऱ्याचं जंगल, पुढे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या आणि त्यांत रचलेले पुंजणे. खळ्यावर चुरणी चालू आहे, बैल गोल फिरताहेत. गोंदिया जिल्हा जन्मायला १९९९ उजाडायचंय. हे गाव आज भंडारा जिल्ह्यात आहे. आणि भंडारा जिल्हा बरोबर महिन्यापूर्वी, १ नोव्हेंबरला, जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आहे. म्हणजे मुंबईच्या मैदानावरचा खेळाडू आता तुमच्याही राज्याचा.

खळ्यावरच्या बुवांना सांगा, आज भारत ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल खेळतोय. ते बैल थांबवत नाहीत. "कोनाशी गा?" एवढंच विचारतात. ऑस्ट्रेलियाशी, म्हणा, आणि निघा. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे आहे. इथे न्याहारी होईपर्यंत तिथे दुपार झालेली असते.

ऑलिम्पिक पार्कच्या मैदानावर पोहोचलात की आधी भारतीय खेळाडूंच्या पायांकडे बघा. सगळ्यांच्या पायांत बूट आहेत. ही गोष्ट साधी नाही. १९४८ साली लंडनला आपले बहुतेक गडी अनवाणी उतरले, दोन पेनल्टी हुकवल्या आणि फ्रान्सकडून २-१ ने हरले. तरी लोकांनी त्यांचं कौतुक केलं. १९५२ ला हेलसिंकीच्या गारठ्यात मात्र कौतुकाला जागा उरली नाही. युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतलं. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

बाजूला उभे आहेत ते भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, मूळ पेशाने मास्तर. मुंबईकरांना त्यांचा खेळ चांगला ठाऊक आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांच्या हैदराबाद पोलिसांनी कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. आणि पुढच्या फळीतला तो तरणा गडी नेव्हिल डिसोझा. मूळ गोव्याच्या बार्देशातल्या आसगावचा, फुटबॉल मुंबईचा. त्याचं आसगाव आज पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे आणि तो भारताच्या सदऱ्यात धावतोय. मला हे चित्र फार मोठं वाटतं.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, मध्यंतराच्या जरा आधी पुन्हा मॉरो. २-२. तुमच्या भोवतीचे प्रेक्षक आता यजमानांच्या बाजूने ओरडताहेत. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल तिसरा गोल करतो. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ऐंशीव्या मिनिटाला आपल्या किट्टूचा चौथा, आणि ४-२. उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातला पहिला देश.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपली पहिली फेरी न खेळताच पार पडली, हे खरं. त्यावर बोट ठेवून कुणी हा विजय हलका ठरवू लागला, तर त्याला १२ डिसेंबरला सिडनीला न्या. तिथे याच ऑस्ट्रेलियाला मैत्रीच्या सामन्यात भारताने ७-१ ने हरवलं.

पण त्याआधी ४ डिसेंबर. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, उपांत्य सामना, समोर तेच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग नेव्हिल चेंडू जाळ्यात धाडतो आणि भारत १-० ने पुढे जातो. इथे थोडं थांबा. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, ते आता मागे आहेत. आघाडी काही मिनिटंच टिकते, सामना ४-१ ने जातो, तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही बल्गेरियाकडून ३-० ने जातो. नोंदवहीत 'चौथा क्रमांक' एवढंच उरतं. त्या दोन शब्दांत ती मिनिटं मावत नाहीत, आणि रहीमसाहेबांनी चार वर्षांत कापलेलं अंतरही मावत नाही. आपल्या फुटबॉलबद्दल हळहळताना आपण नेहमी न झालेलं मोजतो. हे झालेलं आहे, ते आधी मोजायला हवं. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल झाले, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव आहे.

चोरखमाऱ्याला परत या आणि खळ्यावरच्या पोरांना हे समजावून सांगा. गुळगुळीत सारवलेली जमीन आहेच, वर दहा खडे मांडा. एक खडा पुढच्या फळीतून जरा मागे ओढा. समोरचा बचावपटू त्याच्या मागे गेला की जागा मोकळी होते, आणि त्या जागेत नेव्हिल शिरतो. युरोपात हंगेरीने गाजवलेली ही युक्ती रहीमसाहेबांनी आपल्या पोरांना शिकवली होती. पोरांना ती लगेच कळते.

आता एक शेवटची उडी. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. एशियाडचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. गटात यांनीच आपल्याला २-० ने हरवलंय. गच्च भरलेलं सेनायन मैदान राजकीय वादामुळे आपल्या विरोधात आहे. जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन उतरलाय, आणि मुळातला बचावपटू असून आज आघाडीवर खेळतोय. मध्यफळीत फॉर्च्युनॅटो फ्रँको, तोही बार्देशातला, कोलवाळचा, टाटांच्या संघातला. त्याचा गोवा गेल्या डिसेंबरातच मुक्त झालाय. रहीमसाहेब आजारी आहेत. पुढच्या जूनमध्ये कर्करोग त्यांना नेणार आहे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्याला तोच टाके घातलेला जर्नेलसिंग. शेवटी शेवटी कोरियाचा एक गोल होतो, आणि उरलेली मिनिटं फ्रँको आणि मंडळी जिवाच्या आकांताने खेळून काढतात. २-१. पहिलं सुवर्ण १९५१ ला दिल्लीत इराणला १-० ने हरवून मिळालं होतं, हे दुसरं. तिसरं अजून आलेलं नाही.