वेल्डिंगवाद्यांस उत्तर

पुण्यात हौसेने गाड्या तयार करणाऱ्या मंडळींत एक मत हल्ली सिद्धांताच्या थाटात सांगितले जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, बसवण्यात पैसे घालवू नयेत. आहे तोच डिफरन्शियल उघडावा, आतले स्पायडर गिअर वेल्ड करून टाकावेत, काम झाले. हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी गिअरबॉक्स स्वतःच्या हातांनी उघडून जोडले आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी पुरता मांडतो.

ते म्हणतात: साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक चिखलावर किंवा हवेत गेले, की ते फिरवायला लागतो तेवढाच क्षुल्लक टॉर्क दुसऱ्याच्याही वाट्याला येतो आणि इंजिनाची ताकद फुकट जाते. वेल्ड केले की हा प्रश्न मिटतो. एलएसडीच्या क्लच प्लेट झिजतात, तेल वेगळे लागते. वेल्डिंगमध्ये झिजण्यासारखे काही नाही. एलएसडी कधी धरेल याचा अंदाज घ्यावा लागतो, वेल्ड केलेला ॲक्सल नेहमी धरलेलाच. शिवाय ड्रिफ्ट आणि ड्रॅगच्या कितीतरी गाड्या जाम ॲक्सलवर धावतात, गो-कार्टला तर डिफरन्शियल नसतोच.

साध्या डिफरन्शियलचा दोष त्यांनी बिनचूक सांगितला आहे. त्यावरचा इलाज चुकला आहे.

निकाल देण्यापूर्वी वाचकाने एक हिशेब स्वतः करून पाहावा. गाडीच्या दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरू. गाडी १८० अंशांत वळली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा दीड गुणिले पाय, म्हणजे सुमारे ४.७ मीटर जास्त चालते. वळण अरुंद असो वा ऐसपैस, हा फरक बदलत नाही; त्रिज्या हिशेबातून गळूनच जाते. २०५/५५ आर१६ मापाच्या टायरचा एक फेरा जवळपास दोन मीटरचा. म्हणजे बाहेरच्या चाकाला दोनाहून अधिक फेरे जास्त मारायचे आहेत. वेल्ड केलेल्या ॲक्सलवर ते फेरे कुठे जातात? टायर रस्त्यावर घासत, शाफ्ट पिळत ते फिटतात. भूमितीला वेल्डिंग करता येत नाही.

मुळशीतल्या जुन्या जीपवाल्यांना हे सांगावे लागत नाही. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळले, की गाडी आखडते. तिथे फोर-बाय-फोर सोडायला लिव्हर तरी आहे. वेल्डिंगला लिव्हर नाही.

आता ‘अंदाज येतो’ हा मुद्दा. वळणात शिरताना जाम ॲक्सल गाडीला सरळ ढकलतो, नाक वळत नाही. चालक स्टिअरिंग वाढवतो, मग ॲक्सिलरेटर देतो. साध्या डिफरन्शियलमध्ये अशा वेळी आतले चाक एकटेच फिरते आणि बाहेरचे चाक गाडीची शेपूट धरून ठेवते. जाम ॲक्सलवर दोन्ही टायर एकदम सुटतात. टायरची पकड एकच असते; ती घासण्यात आणि ढकलण्यात खर्च झाली, तर आडवे धरायला काय उरणार? कोणी म्हणेल, पावसात टायर सहज घसरतो, म्हणून ॲक्सलला त्रास होत नाही. ॲक्सलला होत नाही, हे मान्य. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत २४ तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदला गेला. तशा घाटात टायर सहज घसरणे हा गुण मानायचा काय?

मजबुतीचा दावाही तपासू. स्पायडर गिअर वरून कठीण केलेल्या पोलादाचे असतात. पुरेसे तापवून न घेता साध्या रॉडने वेल्ड केले, तर सांध्यालगतचा धातू ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो. तुटलेला तुकडा क्राऊन-पिनियनमध्ये अडकला, तर धावत्या गाडीची मागची चाके जाम होऊ शकतात. एलएसडीची प्लेट झिजते तेव्हा गाडी हळूहळू साध्या डिफरन्शियलसारखी वागू लागते. दोन्ही बिघाड एकाच तराजूत घालता येत नाहीत.

इतिहास काय सांगतो? ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीचे एक मागचे चाक ताशी १६० किलोमीटरपर्यंतही फुकट फिरे. ॲक्सल सरळ जाम करणे फर्डिनांड पोर्शेंना सुचले नसेल? त्यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडे मर्यादित घसरणारा डिफरन्शियल मागितला. आपल्याकडच्या २०२० च्या थारमध्ये मागचा ॲक्सल आपोआप लॉक होण्याची सोय मिळू लागली. पण ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या पुढे तो लॉक धरतच नाही. ज्यांनी चिखलासाठी गाडी बनवली, त्यांनीही वेगात ॲक्सल मोकळा ठेवला.

ड्रिफ्टमध्ये मागची चाके मुद्दाम सोडायची असतात. ड्रॅगमध्ये वळायचेच नसते. मुळशी तालुक्यातल्याच ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ धावणाऱ्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. कार्टची चौकट पिळते, वळणात आतले मागचे चाक उचलले जाते, म्हणून ते चालते. दीड टनाची गाडी ते चाक उचलून वळेल काय? आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा तर विषयच नको. तिथे वळवणारी चाकेच एकमेकांना बांधली जातील.

एलएसडी निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. व्हर्नन ग्लीझमन यांचा टॉर्सन हा निव्वळ गिअरचा, त्यात प्लेटची झीज नाही. पण एक चाक हवेत गेले की तो जवळजवळ हतबल होतो. प्लेटचा एलएसडी तिथेही काही धरतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर किती व सोडल्यावर किती धरायचे, हे रॅम्पचे कोन बदलून ठरवता येते. फार घट्ट बसवला तर तोही जाम ॲक्सलच्या जवळ जातो. घाटातून रोज जाणाऱ्या गाडीला टॉर्सन, ट्रॅकवर वळणांत धावणाऱ्या गाडीला प्लेटचा, ही माझी निवड.

राहिला पैशांचा प्रश्न. तो खरा आहे, एलएसडी महागच आहे. पण वेल्डिंग म्हणजे स्वस्तातला एलएसडी नव्हे. तो डिफरन्शियलचा अभाव आहे. पैसे जमेपर्यंत पौडच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत कंपनीचा साधा डिफरन्शियल तसाच राहू द्यावा, आणि हाती असलेल्या रकमेत चार चांगले टायर घ्यावेत.