क्रीझ सोडणाऱ्याचा कैवार कशासाठी?

24 सप्टेंबर 2022 रोजी लॉर्ड्सवर भारताच्या महिला संघाने इंग्लंडला 16 धावांनी हरवून एकदिवसीय मालिका 3-0 अशी जिंकली. झुलन गोस्वामीचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता. पण दुसऱ्या दिवशी झुलनची थोरवी आणि मालिकेतले निर्भेळ यश दोन्ही मागे पडले आणि चर्चा उरली ती शेवटच्या बळीची. 170 धावांचा पाठलाग करणाऱ्या इंग्लंडची चार्ली डीन 47 धावांवर होती. गोलंदाजीला धावत आलेल्या दीप्ती शर्माने चेंडू न टाकता नॉन-स्ट्रायकरच्या बाजूच्या बेल्स उडवल्या, तेव्हा डीन क्रीझबाहेर होती. ती धावबाद ठरली. नियमाच्या दृष्टीने वादाला जागाच नव्हती. तरी दीप्तीवर टीकेची झोड उठली आणि तिचा सूर एकच होता: हे नियमात बसेल, खिलाडूवृत्तीत बसत नाही.

हे मत इंग्लंडपुरते मर्यादित नाही. आपल्याकडचे समालोचक, माजी खेळाडू आणि मैदानावर मुलांना शिकवणारे प्रशिक्षकही ते मानतात. मला हे मत मुळातच चुकीचे वाटते. त्यामुळे नियम पाळणाऱ्याच्या माथी कलंक लागतो आणि नियम मोडणाऱ्याला सहानुभूती मिळते.

विरोधकांची बाजू आधी नीट मांडू. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांत येते. एक, गोलंदाजाचा सामना समोरच्या फलंदाजाशी असतो. जो चेंडू खेळणारच नाही त्याला असे बाद करण्यात कौशल्य नाही. दोन, चेंडू टाकण्याचा आव आणून बेल्स उडवणे ही फसवणूक आहे. तीन, निदान एकदा तरी ताकीद द्यायला हवी. चार, थोर खेळाडूंनी अशा वेळी संयम दाखवला आहे. 1987च्या विश्वचषकात लाहोरला शेवटच्या चेंडूवर कोर्टनी वॉल्शने क्रीझबाहेर गेलेल्या सलीम जाफरला बाद केले नाही. पाकिस्तानने तो सामना एका गड्याने जिंकला आणि वेस्ट इंडीजला उपांत्य फेरी गाठता आली नाही. एवढी किंमत मोजणाऱ्या खेळाडूचा दाखला सहज बाजूला सारता येत नाही, हे मान्य.

पहिला मुद्दा कौशल्याचा. फलंदाजाने सरळ फटका मारला, गोलंदाजाच्या बोटाला निसटता स्पर्श होऊन चेंडू यष्ट्यांवर आदळला आणि नॉन-स्ट्रायकर क्रीझबाहेर सापडला, तर तो धावबाद होतो. त्यात गोलंदाजाचे कौशल्य नसते, बहुतेक वेळा हेतूही नसतो. त्या बळीबद्दल आजवर कुणी खिलाडूवृत्तीचा प्रश्न विचारलेला नाही. फलंदाज तोच, क्रीझ तीच. मग अपघाताने घेतलेला बळी निर्मळ आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला बळी मलिन, हे कोणत्या न्यायाने? शिवाय नॉन-स्ट्रायकर खेळाबाहेर असतो हे गृहीतकही खोटे आहे. दोन क्रीझमधले अंतर 58 फूट. चेंडू हातातून सुटण्याआधी एक ढांग पुढे गेलेला फलंदाज त्यातले तीनेक फूट फुकट मिळवतो. 1992 पासून तिसरा पंच धावबादचा निर्णय कॅमेऱ्याची चित्रे थांबवून देतो. ज्या खेळात बोटभर अंतरावर डाव फिरतो, तिथे तीन फूट ही क्षुल्लक सवलत म्हणता येत नाही. एका धावेच्या दोन होतात त्या याच फुटांवर.

दुसरा मुद्दा फसवणुकीचा. फलंदाजाला चकवणे हा गोलंदाजीचा प्राणच आहे. गुगली लेगब्रेकच्या हालचालीतून येते. मंद गतीचा चेंडू वेगवान चेंडूच्या धावेतून येतो. आणि नॉन-स्ट्रायकरला सुरक्षित राहण्यासाठी गोलंदाजाचे मन ओळखावे लागत नाही. चेंडू हातातून सुटेपर्यंत बॅट क्रीझच्या आत टेकवून ठेवली की जगातला कोणताही गोलंदाज त्याला अशा रीतीने बाद करू शकत नाही. ज्या फसवणुकीपासून वाचायला फक्त नियम पाळणे पुरते, तिला फसवणूक म्हणणेच चुकीचे.

तिसरा मुद्दा ताकिदीचा. नियमात ताकीद कुठेही नाही. क्रीझबाहेर आलेल्या फलंदाजाला यष्टिचीत करण्यापूर्वी यष्टिरक्षक इशारा देत नाही, आणि रेषा ओलांडणाऱ्या गोलंदाजालाही माफी मिळत नाही. 18 जून 2017 रोजी ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात फखर झमान 3 धावांवर असताना जसप्रीत बुमराहच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन बसला होता. बुमराहचा पाय रेषेपुढे पडला होता म्हणून तो नो बॉल ठरला. फखरने 114 धावा काढल्या आणि भारत 180 धावांनी हरला. त्या दिवशी फखरने खिलाडूवृत्तीने तंबूत परतायला हवे होते, असे कुणी म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. रेषा म्हणजे रेषा. मग त्याच टोकाला, त्याच रेषेवर उभ्या असलेल्या फलंदाजासाठी ती लवचीक कशी होते? ताकीद दिली म्हणून आक्षेप थांबतात असेही नाही. 2014 मध्ये एजबॅस्टनला श्रीलंकेच्या सचित्र सेनानायकेने जॉस बटलरला आधी दोनदा इशारा दिला आणि मगच धावबाद केले. तरीही इंग्लंडचा कर्णधार अ‍ॅलिस्टर कुक याने जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे आक्षेप ताकीद न देण्याला नसून बळी घेण्यालाच आहे.

राहिला वॉल्शचा दाखला. त्याचे औदार्य मोठे होते. 2023च्या जानेवारीत गुवाहाटीला दासुन शनाका 98 धावांवर असताना मोहम्मद शमीने त्याला असेच धावबाद केले आणि रोहित शर्माने अपील मागे घेतले, तेही सौजन्यच. पण दानाला मोल येते ते दान ऐच्छिक असते म्हणून. एकाने दान दिले म्हणून दुसऱ्याकडे ते कर्जासारखे वसूल करायला निघालो, तर दानाचीही प्रतिष्ठा जाते. वॉल्शचा गौरव जरूर करावा. दीप्तीला गुन्हेगार ठरवण्यासाठी त्याचे नाव वापरू नये.

या वादाचा इतिहासही पाहायला हवा. 13 डिसेंबर 1947 रोजी सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला 18 धावांवर असे धावबाद केले. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यातही त्यांनी ब्राऊनला याच रीतीने बाद केले होते, आणि त्या वेळी आधी ताकीदही दिली होती. तिथल्या वृत्तपत्रांनी मंकड यांच्या खिलाडूवृत्तीवर शंका घेतली. मात्र प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी पुढे आपल्या पुस्तकात मंकड यांचीच बाजू घेतली. असा बळी मंकड यांनी पहिल्यांदा घेतला असेही नाही. इंग्लंडमध्ये 1835 सालीच त्याची नोंद आहे. कसोटीतही नंतर चार्ली ग्रिफिथ, यूएन चॅटफिल्ड आणि अ‍ॅलन हर्स्ट यांनी हेच केले. पण सत्तर वर्षांहून अधिक काळ ठपका राहिला तो एका भारतीयाच्या नावावर. लॉर्ड्सवर एकाच कसोटीत 72 आणि 184 धावा काढून पाच बळी घेणारा, पंकज रॉय यांच्यासोबत 413 धावांची सलामी देणारा हा खेळाडू जगभर या एका बळीसाठी ओळखला जातो. सुनील गावसकर यांनी त्याविरुद्ध वारंवार आवाज उठवला, तो अगदी रास्त आहे.

खिलाडूवृत्तीचे मापही सर्वांना सारखे लागलेले नाही. 1882 मध्ये ओव्हलवर खेळपट्टी थोपटायला क्रीझबाहेर आलेल्या सॅमी जोन्सला डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी धावबाद केले. तरीही ग्रेस इंग्लिश क्रिकेटचे आराध्यदैवत राहिले. 2013 मध्ये ट्रेंट ब्रिजला स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटची कड घेतलेला चेंडू झेलला गेला, पंचांच्या ते लक्षात आले नाही आणि ब्रॉड खेळत राहिला. पंचांचा निर्णय अंतिम, हा त्याचा बचाव अनेकांना पटला. दीप्तीच्या बळीवर नापसंती व्यक्त करणाऱ्यांत हाच ब्रॉड होता.

या पक्षपाताचे मूळ खोल आहे. जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स हे सामने इंग्लंडमध्ये 1962 पर्यंत खेळले गेले. हौशी उमरावाने फलंदाजी करायची आणि पगारी व्यावसायिकाने घाम गाळून गोलंदाजी करायची, ही त्या समाजाची घडी होती. आपल्या पुण्यातही तेच चित्र होते. युरोपियनांच्या क्लबात बाळू पळवणकर तासन् तास साहेबांना चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती जवळपास येतच नसे. फलंदाज हा मालक आणि गोलंदाज हा चाकर, ही दृष्टी तिथून आली. आज नियम बदलले, पण चाकराने मालकाची चूक पकडली की अजूनही उद्धटपणा वाटतो.

एक शंका मात्र खरी आहे. गोलंदाज चेंडू टाकण्याचा क्षण टाळून, फलंदाज बाहेर पडेपर्यंत थांबून राहिला तर? 2019 मध्ये जयपूरला रविचंद्रन अश्विनने बटलरला बाद केले तेव्हा क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने आधी ते नियमात बसते म्हटले आणि दुसऱ्या दिवशी थांबणे जास्त लांबल्याचे सांगून मत बदलले. तो प्रश्न पंचांच्या कक्षेतला आहे आणि पंच तो सोडवू शकतात. 2023च्या जानेवारीत मेलबर्नला अ‍ॅडम झॅम्पाचा हात वर पूर्ण फिरून गेला होता म्हणून फलंदाज नाबाद ठरला, आणि त्यानंतर क्लबने नियमाची भाषा अधिक स्पष्ट केली. मर्यादा आखता येते. त्यासाठी बळीच बदनाम करण्याची गरज नाही.

1 ऑक्टोबर 2022 पासून हा नियम अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून धावबादच्या नियमात घातला गेला. पण आधीच्या प्रकरणातही अनुचित ठरवले होते ते नॉन-स्ट्रायकरचे लवकर क्रीझ सोडणे, गोलंदाजाची कृती नव्हे. लोकमताने मात्र आरोपी आणि फिर्यादी यांची अदलाबदल केली.

खिलाडूवृत्ती म्हणजे मिळणारा फायदा आपला नसेल तर तो स्वतःहून नाकारणे. ही अपेक्षा पहिल्यांदा त्याच्याकडून करायची, जो चेंडू सुटण्याआधी चार पावले चोरतो. प्रशिक्षकांनी मुलांना सरावातच सांगावे की चेंडू हातातून सुटेपर्यंत बॅट आत ठेवायची. आणि गोलंदाज मुलामुलींना सांगावे की हा बळी घेतल्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही. पुढच्या वेळी असा बळी पडेल तेव्हा समालोचकांनी पहिला प्रश्न गोलंदाजाच्या मनाविषयी न विचारता फलंदाजाच्या बॅटविषयी विचारावा: ती कुठे होती? त्याचे उत्तर मिळाले की न्यायही तिथेच होतो.